चषक जपला, नौका जाळली

‘अमेरिकाज कप’ हे नाव ऐकलं की बहुतेकांना वाटतं, हा अमेरिका देशाचा चषक असावा. खरं तर हे नाव एका नौकेवरून आलेलं आहे. १८५१ साली न्यूयॉर्कमध्ये बांधलेली, दोन डोलकाठ्यांची, सुमारे १०२ फूट लांबीची लाकडी स्कूनर. तिचं नाव ‘अमेरिका’. तिने इंग्लंडमध्ये जाऊन तो चषक जिंकला, तिच्या मालकांनी १८५७ मध्ये तो न्यूयॉर्क यॉट क्लबकडे सोपवला, आणि पुढे शिडाच्या नौकांच्या शर्यतींमधला तो सर्वांत मोठा मान ठरला.

चषक नीट जपला गेला. लंडनच्या गॅरार्ड पेढीने १८४८ साली घडवलेलं ते २७ इंच उंचीचं चांदीचं भांडं. त्याला बूडच नाही, त्यात घोटभर पाणीसुद्धा राहत नाही. न्यूयॉर्कच्या क्लबने ते बोल्टने टेबलाला आवळून ठेवलं होतं. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौकेने जिंकून नेईपर्यंत, म्हणजे १८५१ च्या विजयापासून १३२ वर्षं, ते अमेरिकेबाहेर कुणाच्या हाती लागलं नाही.

आणि नौका? २९ मार्च १९४२ रोजी मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिसला जोराचं हिमवादळ झालं. तिथे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या ‘अमेरिका’वरचं छप्पर बर्फाच्या भाराने तिच्यावरच कोसळलं. तीन वर्षांनी, १९४५ मध्ये, उरलेलं लाकूड फोडून जाळून टाकलं. ती त्या वेळी कुणा भंगारवाल्याकडे पडलेली नव्हती. देशाच्या नौदल अकादमीच्या ताब्यात होती.

मला या गोष्टीचा राग येतो. तो नुसता ऐंशी वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्यांवरचा राग नाही. जुनं लाकडी जहाज जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न आजही अनेक किनाऱ्यांवर तसाच पडून आहे, आणि त्याला दिली जाणारी नेहमीची उत्तरं ‘अमेरिका’च्या कहाणीवर घासून पाहिली तर त्यातली बरीच टिकत नाहीत. माझं म्हणणं असं आहे की लाकडी जहाज मानाने टिकत नाही, ते दरवर्षी त्याच्यावर कुणाचे तरी हात फिरले तरच टिकतं. म्हणून सार्वजनिक पैशावर चालणारी जी संस्था असं जहाज ताब्यात घेते, तिने त्याच दिवशी त्याच्या देखभालीची तरतूद बांधून घ्यावी. ते जमणार नसेल तर जहाज घेऊ नये.

हे पटवायचं तर आधी ही नौका मुळात काय होती, ते सांगायला हवं.

न्यूयॉर्कच्या बंदराच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत. बाहेरून येणाऱ्या जहाजाला आत घ्यायला तिथला समुद्र जाणणारा वाटाड्या लागतो. एकोणिसाव्या शतकात जो वाटाड्या जहाजापाशी आधी पोचेल त्याला ते काम आणि त्याची मजुरी मिळे. त्यामुळे हे वाटाडे आपल्या छोट्या स्कूनर घेऊन उघड्या समुद्रात दूरवर जात, हिवाळ्याच्या वादळातही टिकून राहत, आणि जहाज दिसलं की एकमेकांशी शर्यत लावत. पोट ज्या होडीवर चालतं ती होडी वर्षागणिक सुधारत जाते, हे कुठल्याही दर्याकाठच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. या वाटाड्यांच्या नौकांचा आकार असाच, बुडण्याच्या भीतीतून आणि कमाईच्या गरजेतून घडत आला होता.

जॉर्ज स्टीअर्स हा या नौकांचा कसबी रचनाकार. त्याचा बाप इंग्लंडमधून आलेला जहाजबांधणीचा कारागीर. स्टीअर्सने १८४९ मध्ये ‘मेरी टेलर’ नावाची वाटाड्यांची स्कूनर बांधली होती, आणि तिच्या वेगाची चर्चा बंदरभर होती. १८५१ मध्ये लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरणार होतं. त्या निमित्ताने न्यूयॉर्कच्या वाटाड्यांची एखादी नौका इंग्लंडच्या पाण्यात आणून दाखवा, असं तिकडच्या एका व्यापाऱ्याने सुचवलं. न्यूयॉर्क यॉट क्लबचा प्रमुख जॉन कॉक्स स्टीव्हन्स आणि त्याचे पाच सोबती यांनी पैसा उभा केला, आणि ईस्ट रिव्हरवरच्या विल्यम ब्राउनच्या कारखान्यात स्टीअर्सच्या रचनेची नौका बांधायला घेतली. करार ३०,००० डॉलरचा, आणि अट कडक: ती देशातल्या सगळ्या नौकांपेक्षा वेगवान ठरली नाही तर आम्ही घेणार नाही. ठरल्या तारखेला ती तयारच झाली नाही. ३ मे १८५१ ला ती पाण्यात उतरली, आणि चाचणीत स्टीव्हन्सच्याच ‘मारिया’ या नौकेने तिला मागे टाकलं. शेवटी सौदा २०,००० वर मिटला. इतिहासातली सर्वांत गाजलेली शर्यतीची नौका अशी भाव पाडून घेतलेली होती.

त्या काळच्या अमेरिकेत नौकेची रचना कागदावर सुरू होत नसे. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर रचून ठोकळा करायचा आणि तो तासून नौकेच्या एका बाजूचा, म्हणजे अर्धा, नमुना घडवायचा. डोळ्याने पाहायचा, तळहात फिरवून पाहायचा, जिथे पाणी अडेल असं वाटेल तिथे आणखी तासायचं. मनासारखं झालं की पट्ट्या सुट्या करायच्या आणि प्रत्येकीची कड मोजून ती प्रत्यक्ष मापात जमिनीवर आखायची. त्या आखणीवरून बरगड्या कापायच्या. म्हणजे आकार आधी हातात येई आणि मग आकड्यांत. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या सगळ्या वादाचं मूळ त्यात आहे.

इंग्लंडच्या नौकांबद्दल तेव्हा एक म्हण रूढ होती: पुढे कॉड माशाचं डोकं, मागे बांगड्याची शेपटी. पुढून रुंद, गोलसर, आणि मागे निमुळती होत जाणारी. पाणी छातीने ढकलायचं आणि मागून हळूच सोडायचं, अशी कल्पना. स्टीअर्सने हे उलटं केलं. ‘अमेरिका’ची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब, धारदार, किंचित आत वळलेली, सगळ्यात रुंद भाग नौकेच्या मध्यापाशी. दोन्ही डोलकाठ्या मागे चांगल्याच कललेल्या. शिडांची गोष्ट तर मला आकारापेक्षाही महत्त्वाची वाटते. इंग्लिश नौकांची शिडं जवसाच्या (अळशीच्या) धाग्याची, वाऱ्याने पोट काढणारी. वारा धरून राहावा म्हणून त्यांवर पाणी मारावं लागे. ‘अमेरिका’ची शिडं यंत्रावर घट्ट विणलेल्या सुती कापडाची, खालच्या आडव्या लाकडाला दोरीने बांधून सपाट ताणलेली. वाऱ्याच्या तोंडावर जाताना सपाट शीड कामाला येतं. तो कापूस अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या श्रमावर पिकत होता, हेही इथेच म्हटलं पाहिजे. दहा वर्षांनी त्याच प्रश्नावर अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांत पेटलेल्या यादवी युद्धात ही नौका दोन्ही बाजूंनी लढली.

शर्यतीबद्दल थोडक्यात. २२ ऑगस्ट १८५१, आइल ऑफ वाइट बेटाभोवती ५३ मैलांचा फेरा, ‘अमेरिका’ धरून १५ नौका. सुरुवातीला नांगर उचलताना ‘अमेरिका’ मागे पडली, पण संध्याकाळी साडेआठनंतर ती सगळ्यांच्या आधी परत आली. वाटेत एका दीपनौकेच्या, म्हणजे दिवा लावून नांगरलेल्या खुणेच्या जहाजाच्या, बाहेरून न जाता किनाऱ्याकडच्या बाजूने गेल्याबद्दल तक्रार झाली, पण सूचनांतच गोंधळ होता. दुसरी आली ‘ऑरोरा’, जेमतेम ४७ टनांची, काही मिनिटांच्या अंतराने. लहान नौकेला वेळेची सूट द्यायची पद्धत त्या दिवशी लावली असती तर निकाल फार अटीतटीचा झाला असता. व्हिक्टोरिया राणीने ‘दुसरी कोण?’ विचारलं आणि ‘दुसरी कोणीच नाही’ असं उत्तर मिळालं, ही गोष्ट सगळे सांगतात. त्या काळचा भक्कम पुरावा तिला नाही. विजय खरा होता. त्याला दंतकथेच्या टेकूची गरज नव्हती.

शर्यतीनंतर काही दिवसांतच मालकांनी नौका इंग्लंडमध्येच ५,००० पौंडांना विकून टाकली आणि चषक घेऊन घरी गेले. यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. नौका म्हणजे बांधली, वापरली, विकली अशी वस्तू, आणि खुद्द स्टीअर्सही दुसरी बांधायला मोकळा होता. तो १८५६ मध्ये चाळिशी गाठण्याआधीच अपघातात गेला. मात्र हरलेल्यांना तिची किंमत कळली होती. ब्रिटिश नौदलाने पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत तिची मापं घेऊन आराखडा उतरवला. तिच्या मूळ आकाराबद्दल आज जे विश्वासाने सांगता येतं त्यातलं पुष्कळसं या आराखड्यामुळे. मापं कोण घेतो? ज्याला शिकायचं असतं तो.

त्यानंतर तिच्या नशिबी सतत हात बदलणं आलं. पहिल्या इंग्लिश मालकाने ती भूमध्य समुद्रापर्यंत फिरवली. १८५६ मध्ये ती दुसऱ्याकडे गेली, त्याने तिचं नाव ‘कॅमिला’ ठेवलं आणि ती कुजत पडू दिली. मग केंट परगण्यातल्या पिचर नावाच्या जहाजबांधणाऱ्याने ती घेतली, कुजलेलं लाकूड काढून नवं घातलं आणि पुन्हा उभी केली. १८६१ मध्ये नवा मालक तिला घेऊन थेट जॉर्जियातल्या सव्हाना बंदरात पोचला, आणि ती दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या हाती गेली. पुढच्या वर्षी उत्तरेचं नौदल जवळ आलं तेव्हा तिला फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीच्या एका फाट्यात, डन्स क्रीकमध्ये, तळाला भोकं पाडून बुडवण्यात आलं. उत्तरेच्या खलाशांनी ती वर काढली, तोफा चढवल्या आणि चार्ल्स्टनच्या नाकेबंदीवर धाडली. वाटाड्यांच्या आकाराची नौका अशा पहाऱ्याच्या कामाला चोख होती. पुढे ती नौदल अकादमीच्या विद्यार्थ्यांना शिकवायला लागली. १८७० मध्ये न्यूयॉर्कला चषकाचा पहिला बचाव झाला त्यात ती उतरली आणि चौथी आली. तेव्हा तिचं वय १९ वर्षं होतं आणि एकदा ती नदीच्या तळाशी जाऊन आली होती.

१८७३ मध्ये नौदलाने ती ५,००० डॉलरला बेंजामिन बटलरला विकली. बटलर हा यादवी युद्धातला सेनानी आणि राजकारणी, त्याच्या हयातीतही वादग्रस्त. पण नौकेच्या बाबतीत त्याचे उपकार मानले पाहिजेत. वीस वर्षं त्याने ती चालवली, दुरुस्त केली, तिचा सांगाडा आणि शिडं काळाप्रमाणे बदलून घेतली. तो १८९३ मध्ये गेला. नातेवाइकाने काही वर्षं हौस केली, १९०१ नंतर तीही संपली, आणि नौका बोस्टनला पडून राहिली. १९२१ मध्ये काही हौशी लोकांनी पैसे जमवून ती वाचवली आणि नाममात्र एका डॉलरला नौदल अकादमीच्या हवाली केली. वर्तमानपत्रं, भाषणं, सलाम, सगळं रीतसर झालं.

इथेच माझ्या मते तिचा शेवट सुरू झाला.

आधीच्या सत्तर वर्षांत तिच्यावर किती संकटं आली ते पाहा. कुजली, बुडली, युद्धात उतरली, दुर्लक्षित राहिली. प्रत्येक वेळी कुणीतरी तिला दुरुस्त केलं, कारण प्रत्येक वेळी कुणाला तरी ती कामाला हवी होती: विकायला, नाकेबंदी चुकवायला, पहारा द्यायला, शिकवायला, शर्यतीत उतरायला. अ‍ॅनापोलिसला तिला काहीच काम नव्हतं. ती पाहण्याची वस्तू झाली. लाकडी नौका धक्क्याला बांधून ठेवली की पावसाचं गोडं पाणी डेकच्या फटींतून आत उतरतं, आणि कुजण्याला सर्वांत पोषक हेच पाणी. समुद्राचं खारं पाणी लाकडाला तितकं मारत नाही. म्हणून आपल्याकडेही जुने लोक होडीच्या आत पावसाचं पाणी साचू देत नाहीत. चालत्या नौकेवर रोज कुणी ना कुणी डेक धुतो, पाणी उपसतो, सैल फळी बघतो. बांधून ठेवलेल्या नौकेवर हे काम कुणाच्याच वाट्याचं नसतं. १९४० पर्यंत तिची अवस्था इतकी झाली की तिला पाण्याबाहेर ओढावं लागलं, डागडुजी सुरू करावी लागली, वर छप्पर घालावं लागलं.

मग युद्ध आलं. इथे विरोधी बाजू न्यायाने मांडली पाहिजे. १९४२ मध्ये अमेरिकेचं नौदल दोन महासागरांत लढत होतं. शंभर वर्षांकडे झुकलेल्या एका नौकेसाठी सुतार आणि लाकूड कुठून आणायचं? मला हे मान्य आहे. त्या हिमवादळाच्या दिवशी कुणाला दोष देता येत नाही. पण १९२१ ते १९४० ही वीस वर्षं शांततेची होती. त्या वीस वर्षांत दरवर्षी थोडं लाकूड, थोडं डांबर, दोन जाणते सुतार एवढंच लागलं असतं. ते झालं नाही, आणि शेवटी सगळा हिशोब एका छपरावर येऊन ठेपला.

आता तो युक्तिवाद, जो मी अनेक जाणकारांकडून ऐकला आहे: नौका गेली तर गेली. आराखडा आहे ना? त्यावरून १९६७ मध्ये मेन राज्यातल्या ईस्ट बूथबेला तिची प्रतिकृती बांधली गेली, १९९५ मध्ये ऑल्बनीला आणखी एक. आणि तसंही जळालेल्या नौकेत स्टीअर्सच्या हातचं लाकूड किती उरलं होतं? पिचरने निम्मं बदललेलं, बटलरने आणखी. मग नेमकं काय गेलं?

प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून जपणुकीची बाजू मांडणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. माझं उत्तर असं. आराखडा बाहेरचा आकार सांगतो. फळी बरगडीला कशी बसवली, तांब्याचा खिळा कुठे मारला आणि कुठे मुद्दाम टाळला, कुठल्या झाडाचा कुठला वाकडा बुंधा कुठल्या जागी वापरला, लाकूड तासायचा वाकस कुठल्या दिशेने फिरला, हे आराखड्यात नसतं. नौकेच्या बांधणीत पांढरा ओक, लोकस्ट, सीडर, चेस्टनट, हॅकमॅटॅक अशी वेगवेगळी लाकडं होती. कुठलं कुठे आणि का, याचं पूर्ण उत्तर नौकेतच होतं. आज लाकडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून झाड कुठल्या वर्षी तोडलं ते सांगता येतं. १९४५ मध्ये जाळलेल्या लाकडातून स्टीअर्सचा भाग कुठला, पिचरचा कुठला, बटलरचा कुठला, हे आज तुकड्यागणिक वेगळं काढता आलं असतं. दुरुस्त्यांमुळे नौका खोटी झाली, हे मला मुळीच पटत नाही. त्या दुरुस्त्या म्हणजेच तिचं चरित्र होतं. प्रतिकृतीला असं चरित्र नसतं. तिचा पहिला दिवस तिच्या आजच्या मालकाच्या गरजेने ठरतो. प्रतिकृती बांधूच नयेत असं मी म्हणत नाही. बांधणाऱ्या सुतारांना त्यातून खूप काही शिकायला मिळतं. पण प्रतिकृती शक्य आहे म्हणून मूळ नौका मरू द्यावी, हा हिशोब चुकीचा आहे.

याच्या उलट उदाहरण मॅसॅच्युसेट्सचं. १८९४ मध्ये एसेक्स गावात ‘एफी मॉरिसी’ नावाची मासेमारीची स्कूनर बांधली. तिने न्यूफाउंडलंडच्या पाण्यात कॉड पकडला. मग बॉब बार्टलेट या कप्तानाने तिला वीसेक वर्षं उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात नेलं. ती आगीने जळाली, बुडाली, वर काढली गेली. १९४८ मध्ये केप व्हर्डे बेटांवरच्या माणसाने ती घेतली, ‘अर्नेस्टिना’ नाव ठेवलं, आणि ती बेटांवरून अमेरिकेत स्थलांतरितांना आणू लागली. शिडांवर अटलांटिक ओलांडून माणसं आणणाऱ्या अगदी शेवटच्या जहाजांपैकी ती एक. १९८२ मध्ये केप व्हर्डे या गरीब, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने ती अमेरिकेला भेट दिली. २०१५ ते २०२२ या काळात बूथबे हार्बरला तिची मोठी पुनर्बांधणी झाली आणि आज ती सागरी विद्यार्थ्यांना शिकवते. ‘अमेरिका’ने जिंकला तसा जगप्रसिद्ध चषक तिच्या नावावर नाही. तिला कायम काम होतं, एवढंच.

काम हेच एकमेव उत्तर आहे, असंही म्हणता येत नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या दोन बहिणी बघा. हान्स बेंडिक्सन या डेन्मार्कहून आलेल्या कारागिराने कॅलिफोर्नियातल्या हंबोल्ट खाडीवर १८९५ मध्ये ‘सी. ए. थेअर’ आणि १८९७ मध्ये ‘वावोना’ बांधली. दोघींनी इमारती लाकूड वाहिलं, दोघींनी बेरिंग समुद्रात कॉड पकडला, दोघी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राबल्या. ‘थेअर’ १९५७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने घेतली, पुढे ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेली, तिची पुनर्बांधणी झाली आणि ती २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर परतली. ‘वावोना’ सिएटलच्या नागरिकांनी १९६४ मध्ये घेतली, मनापासून, पण मागे कायमचा पैसा नसताना. ४५ वर्षं ते प्रयत्न करत राहिले. मार्च २००९ मध्ये ती फोडली गेली. कारागीर तोच, कारखाना तोच, आयुष्यही जवळपास तेच. फरक एवढाच की एकीमागे दरवर्षीची सरकारी तरतूद होती आणि दुसरीमागे वर्गणी. सिएटलच्या त्या माणसांबद्दल मला आदर आहे. जी जबाबदारी सगळ्या समाजाची ती मूठभरांनी खांद्यावर घेतली आणि ती खांद्यावरच राहिली.

‘लोकांना दवाखाने नाहीत आणि तुम्ही कुजक्या लाकडावर पैसे घालता’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्याच आक्षेपाने वार्षिक देखभाल कापली जाते, आणि तीच कापल्यामुळे वीस वर्षांनी शेकडो पटींचं बिल येतं, आणि मग ते परवडत नाही म्हणून जहाज जातं. म्हणूनच मी म्हणतो, घेतानाच ठरवा. घेणार नसाल तर स्पष्ट सांगा, मापं घ्या, लाकडाचे नमुने ठेवा, सर्वांसमोर तिला निरोप द्या. छप्पर कोसळण्याची वाट पाहणं हा निर्णय असूच शकत नाही.

आणि मापं घेणं फारसं महाग नाही, हेही अमेरिकेनेच दाखवलं आहे. १९३६-३७ मध्ये, मंदीच्या काळात, एरिक स्टाइनलाइन याच्या पुढाकाराने बेकार झालेल्या जहाजरचनाकारांना आणि नकाशाकारांना सरकारी योजनेतून कामाला लावलं गेलं. बंदरोबंदरी, खाडीतल्या चिखलात पडलेल्या जुन्या जहाजांची मापं घेऊन त्यांनी आराखडे काढले. हॉवर्ड चॅपेल न्यू इंग्लंडचं काम पाहत होता. ते आराखडे स्मिथसोनियन संस्थेत आहेत. त्यातली बहुतेक जहाजं आज नाहीत. हाताला काम आणि देशाला नोंद, दोन्ही एकाच पगारात झालं.

आपल्या किनाऱ्याचा या कहाणीशी संबंध फार जुना आणि थेट आहे. १८१२ मध्ये ब्रिटिश नौदलाने मुंबईच्या गोदीत एक युद्धनौका बांधायचं ठरवलं, कारण इंग्लंडात ओक संपत आला होता. तिचे आराखडे ‘जावा’ या ब्रिटिश जहाजावरून मुंबईला निघाले, आणि ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी युद्धनौकेने ‘जावा’ला हरवलं. आराखडे गेले. दुसरे पाठवावे लागले. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारच्या सागवानात ती बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडली. ती ‘त्रिंकोमाली’. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना समुद्र शिकवायच्या कामी तिचा उपयोग झाला, आणि आज ती इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे, पुष्कळसं मूळ सागवान अंगावर घेऊन. मुंबईत ती बांधणारी गोदी आहे, पण तिथे बांधलेलं तसं एकही जहाज मुंबईत पाहायला मिळत नाही.

आणि आराखडाही नसला तर काय होतं, ते आपण नुकतंच पाहिलं. ‘कौंडिण्य’ हे प्राचीन पद्धतीने शिवलेलं जहाज गोव्यात बांधून मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. नारळाच्या काथ्याने फळ्या शिवलेल्या, खिळा नाही. त्या काळचा एकही आराखडा हाती नव्हता. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रावरून आकार शोधावा लागला. केरळच्या कारागिरांनी ते घडवलं याचा मला अभिमान आहे. पण शिवणारे हात अजून जिवंत होते म्हणून ते झालं. आणखी तीस वर्षांनी ठरवलं असतं तर?

कोकणच्या खाड्यांमध्ये आता फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्यात मच्छीमारांचं काही चुकलेलं नाही. लाकूड महाग, सुतार मिळत नाही, आणि दरवर्षी होडी ओढून दुरुस्त करायला सवड नाही. जुना मचवा कुठे तरी चिखलात नाळ वर करून पडलेला असतो आणि दोन पावसाळ्यांत दिसेनासा होतो. तो मचवा वाचवा असं मी प्रत्येक गावाला सांगू शकत नाही. मापं मात्र घेता येतील. स्थापत्य आणि सागरी अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पगार देऊन, जुन्या सुतारांबरोबर, एकेका खाडीत.

एका खाडीकाठी मी एका म्हाताऱ्या सुताराला विचारलं होतं, नाळेचा बाक कसा ठरवता. त्याने उत्तर दिलं नाही. छपराच्या वाशात खोचलेली एक काठी काढून दाखवली. तिच्यावर चाकूने पाडलेल्या खुणा होत्या, काही त्याच्या वडिलांच्या, काही त्याच्या. कुठली खूण कशाची हे त्याने बोट ठेवून सांगितलं, आणि मी वही नेली नव्हती.